सरासरीची उंची आणि समुद्राचे पाणी

४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवची राजधानी माले येथील, समुद्राचे खारे पाणी गोडे करणाऱ्या केंद्रात आग लागली आणि शहराचे नळ कोरडे पडले. एक लाखाहून अधिक माणसांची ती वस्ती. शहराला नदी नाही, तलाव नाही, दुसऱ्या गावाहून आणलेली जलवाहिनी नाही. जमिनीखालचा गोड्या पाण्याचा पातळ थर पूर्वीच उपसून खारट झालेला. दुसऱ्याच दिवशी भारतीय वायुदलाची विमाने पिण्याचे पाणी घेऊन तेथे उतरली. पाठोपाठ नौदलाची ‘सुकन्या’ पोहोचली आणि ‘दीपक’ ही नौका सुमारे एक हजार टन पाणी घेऊन मुंबईहून निघाली. ज्या देशाच्या चारही दिशांना पाण्यावाचून दुसरे काही नाही, त्या देशाला पाणी जहाजातून पाठवावे लागावे, यातील विसंगती त्या वेळी अनेकांनी नोंदविली होती.

परंतु या घटनेत त्याहून महत्त्वाचा असा एक प्रश्न दडलेला होता. मालदीव हा त्या वर्षी गरीब देश म्हणून गणला जात नव्हता. त्याचे दरडोई उत्पन्न भारताच्या कित्येक पट होते, आणि आजही ते चौपटीहून अधिक आहे. मग ज्याची सरासरी मिळकत आपल्यापेक्षा इतकी मोठी, त्याच्यावर एका यंत्रघरातील आगीमुळे शेजाऱ्याच्या दारात घागर घेऊन उभे राहण्याची वेळ का यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे, समुद्राची पातळी वाढत असताना आणि वादळे, लाटा, अवर्षणे अंगावर येत असताना छोट्या द्वीपराष्ट्रांनी जगावे कसे, या मोठ्या प्रश्नाच्या मुळाशी आपण येऊन पोहोचतो. आणि तेथे आढळते ते असे की, या राष्ट्रांचे दुखणे जितके समुद्राचे आहे तितकेच ते जगाच्या हिशेबपद्धतीचेही आहे.

हिशेबनिसाची नदी

सरासरी काढून नदी ओलांडणाऱ्या हिशेबनिसाची गोष्ट आमच्या विषयाच्या वर्गात हमखास सांगितली जाते. नदीची सरासरी खोली कमरेएवढी आहे असे गणित करून त्याने बायकामुलांना पाण्यात उतरविले. मधल्या डोहात कुटुंब बुडाले आणि तो काठावर बसून आपला हिशेब पुन्हा पुन्हा तपासत राहिला. हिशेब बरोबरच होता. विद्यार्थी ही गोष्ट ऐकून हसतात आणि उत्तरपत्रिकेत पुन्हा सरासरीच मांडतात. जगातील मोठमोठ्या वित्तसंस्थांचे वर्तन याहून फारसे निराळे नाही.

मालदीव म्हणजे सुमारे १२०० प्रवाळबेटांची मालिका. दक्षिणोत्तर आठशे किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या या बेटांचे एकूण क्षेत्रफळ मात्र जेमतेम ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मे. वस्ती आहे ती १९० च्या आसपास बेटांवर. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक आणि तीतही दर दहांपैकी चार माणसे राजधानीच्या परिसरात एकवटलेली. जमिनीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दीड मीटर. पण येथेही सरासरी फसवीच आहे, कारण जवळजवळ ८० टक्के भूमी एक मीटरपेक्षाही सखल आहे आणि नैसर्गिक उंचवटा असा कोठेही अडीच मीटरांच्या वर जात नाही. टेकडी नाही, पठार नाही. पूर आला असता गुरेढोरे घेऊन जावे असे वरचे गाव नाही.

या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी, कर्बवायूंचे उत्सर्जन अगदी कमी राहिले तर सुमारे ०.२८ ते ०.५५ मीटर, आणि ते फारच वाढले तर ०.६३ ते १.०१ मीटर वाढेल, असा आंतरशासकीय हवामानबदल समितीचा २०२१ चा अंदाज आहे. ज्या देशाची बहुतेक भूमी एक मीटरच्या आत आहे, त्याच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको. मात्र पाणी एका दिवसात चढणार नाही. ते प्रथम भरतीच्या दिवशी अंगणात येईल, मग विहिरीत उतरेल, मग नारळीच्या मुळांशी साचेल. बेट बुडण्याच्या पुष्कळ आधी ते राहण्याजोगे उरणार नाही. आणि या मधल्या दीर्घ काळात माणसांनी काय करायचे हाच ‘जुळवून घेण्या’चा खरा प्रश्न आहे.

लाट, भाषण आणि भिंत

या संकटाची चाहूल मालदीवला फार पूर्वी लागली होती. एप्रिल १९८७ मध्ये दूर दक्षिणेकडील समुद्रात उठलेल्या प्रचंड लाटा मालेवर येऊन आदळल्या. शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला आणि शेजारच्या विमानतळाची हानी झाली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसमोर, आपला देश नकाशावरून नाहीसा होण्याचा धोका आहे, हे गाऱ्हाणे मांडले. हवामानबदल हा शब्द तेव्हा वृत्तपत्रांत क्वचितच दिसत असे. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, समुद्राच्या वाढत्या पातळीविषयी छोट्या राष्ट्रांची परिषद मालेत भरली आणि १९९० मध्ये अशा राष्ट्रांची आघाडी उभी राहिली. बलाढ्यांच्या सभेत दुर्बळांनी एकत्र येऊन बोलावे, हा धडा त्यांनी लवकर घेतला.

लाटांनंतर जपानच्या अर्थसाहाय्याने मालेभोवती संरक्षक भिंत आणि लाटारोधक बांध टप्प्याटप्प्याने उभे राहिले. २००२ पर्यंत ते काम पूर्ण झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणाऱ्यांना परिचित असलेले काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे तेथेही रचलेले आहेत. या कामाला सुमारे सहा कोटी डॉलर लागले आणि त्यातील जवळजवळ सर्व रक्कम जपानने दिली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मालेला निसर्गाने स्वतःची भिंत दिलेली होती. बेटाभोवतीचा उथळ प्रवाळखडक लाटेचा जोर किनाऱ्यापूर्वीच मोडून टाकीत असे. वाढत्या लोकसंख्येसाठी जागा हवी म्हणून भराव घालीत घालीत शहर त्या खडकाच्या कडेपर्यंत नेण्यात आले; घरे बांधण्यासाठी प्रवाळाचे दगड पिढ्यान्‌पिढ्या फोडले गेले. जी सेवा निसर्ग विनामूल्य देत होता ती संपवून तिच्या जागी कोट्यवधी डॉलरांची भिंत बांधावी लागली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र भराव हा विकास म्हणून जमेस धरला जातो, भिंत हीही विकास म्हणूनच जमेस धरली जाते आणि गमावलेल्या प्रवाळाची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. १९९८ मध्ये समुद्राचे तापमान वाढून मालदीवमधील उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले. २०१६ मध्ये पुन्हा तसेच झाले, तेव्हाच्या पाहणीत साठ टक्क्यांहून अधिक प्रवाळ पांढरे पडलेले आढळले. नैसर्गिक भिंत अशी दोन्ही बाजूंनी खचते आहे, घरच्या हातांनी आणि दूरदेशीच्या धुरांड्यांनीही.

सहा दिवसांचे अंतर

सरासरीचा हिशेब किती निष्ठुर ठरू शकतो याचे दुसरे उदाहरण इतके नेमके आहे की, ते कल्पित वाटावे. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला अतिअल्पविकसित देशांच्या यादीतून वर काढण्याचा निर्णय घेतला. दरडोई उत्पन्न वाढले होते, शिक्षण आणि आरोग्याचे निर्देशांक समाधानकारक होते. देश उत्तीर्ण झाला होता. या उत्तीर्णतेचा अर्थ असा की, ठरावीक मुदतीनंतर व्यापारातील सवलती आणि साहाय्यातील अग्रक्रम कमी होणार होते. त्यानंतर सहाव्या दिवशी, २६ डिसेंबरला, सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी मालदीववरून गेली.

शंभराहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. डझनाहून अधिक बेटे रिकामी करावी लागली. विहिरी आणि शेते खारी झाली. झालेल्या नुकसानीचा अंदाज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्के इतका निघाला. त्याच लाटेने भारतात दहा हजारांहून अधिक माणसांचे बळी घेतले. तमिळनाडूत आणि अंदमान-निकोबारमध्ये जे घडले त्याच्या दुःखाला मोजमाप नाही. तथापि भारताच्या त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नात या आपत्तीची खूण शोधूनही जवळजवळ सापडत नाही. याचे कारण भारत अधिक श्रीमंत होता हे नव्हे. नागपट्टणम उद्ध्वस्त झाले तरी नागपूर उभे होते, पंजाबात गहू होता, मुंबईत कर गोळा होत होता. मोठ्या देशात एका भागावरील आपत्ती उरलेला देश वाटून घेतो. मालदीवला ‘उरलेला देश’ असा नव्हताच.

विम्याचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. शंभर घरांपैकी एक जळेल या हिशेबावर नव्याण्णव घरे त्याचा भार उचलतात. शंभरही घरे एकाच ठिणगीने जळणारी असतील तर विमा चालत नाही. छोट्या द्वीपराष्ट्राची स्थिती अशीच असते. तेथील मिळकतीचे साधनही बहुधा एकच. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटन थांबले आणि मालदीवचे राष्ट्रीय उत्पन्न एका वर्षात सुमारे एक-तृतीयांशाने घसरले. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले आणि उत्पन्न पुन्हा वर गेले. चांगल्या वर्षाची सरासरी पाहून अशा देशाला सधन ठरविणे म्हणजे कोरड्या ऋतूत नदीची खोली मोजण्यासारखे आहे. त्सुनामीनंतर यादीतून वर काढण्याचा निर्णय संयुक्त राष्ट्रांनी लांबणीवर टाकला हे खरे. परंतु निकष बदलला नाही. १ जानेवारी २०११ रोजी मालदीव अखेर त्या यादीबाहेर गेला. समुद्र होता तेथेच होता.

भिंत कोणाला, बोट कोणाला

आतापर्यंत आपण देशादेशांतील हिशेब पाहिला. परंतु सरासरी देशाच्या आतही तितकीच फसवी असते आणि या प्रश्नाची खरी जखम तेथेच आहे.

रा नावाच्या कंकणद्वीपसमूहात कंदोळुदू हे एक चिमुकले बेट होते. चार-पाच हेक्टरांच्या जागेत साडेतीन हजारांच्या घरात माणसे राहत. घराला घर चिकटलेले, मोठ्या भरतीचे पाणी वारंवार रस्त्यांवर येई. त्सुनामीने हे बेट राहण्यास अयोग्य करून टाकले. तेथील लोक जवळपासच्या निरनिराळ्या बेटांवर तात्पुरत्या निवाऱ्यांत विखुरले गेले आणि तसेच चार वर्षे राहिले. रेडक्रॉसच्या साहाय्याने धुवाफरू या निर्मनुष्य बेटावर नवे गाव वसविण्यात आले. तेथे ते २००८ च्या अखेरीस राहावयास गेले. घरे पक्की मिळाली, शाळा मिळाली, जागा पूर्वीपेक्षा मोकळी मिळाली. जुने बेट मात्र ओस पडले. ज्यांना गाव सोडावे लागले आहे त्यांना, मग ते धरणाखाली गेलेले असो वा समुद्राकाठचे, नवे घर आणि गेलेले गाव यांचा ताळेबंद जुळत नाही, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच लाटेचे पाणी मालेच्या रस्त्यांवरही आले. पण भिंतीमुळे शहराची मोठी हानी टळली, असे सर्वसाधारण मत आहे. मालेशेजारी भराव घालून हुलुमाले नावाचे नवे बेट घडविण्यास १९९७ मध्ये आरंभ झाला होता. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर उंच असे हे बेट २००४ पासून वसू लागले आणि २०१८ मध्ये चीनच्या साहाय्याने बांधलेल्या पुलाने ते राजधानीशी जोडले गेले. दूरच्या बेटांवरील कुटुंबे शाळेसाठी, इस्पितळासाठी, नोकरीसाठी या परिसरात येत आहेत. राजधानीला भिंत, राजधानीशेजारी उंच बेट, आणि दूरच्या बेटाला आपत्तीनंतर बोट, असे या व्यवस्थेचे रूप दिसते.

अर्थशास्त्राच्या रूढ दृष्टीने यात गैर काहीच नाही. भिंतीचा एक मीटर बांधण्यास जो खर्च येतो तो मालेत हजारोंना वाचवितो, दूरच्या बेटावर शंभरांना. सर्व वस्त्यांभोवती भिंती बांधणे कोणत्याही सरकारला परवडणार नाही. वस्ती थोड्या बेटांवर एकवटावी, असे धोरण तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडले जात आहे आणि त्यामागील युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. शंभर घरांच्या बेटाला स्वतंत्र वीजघर, दवाखाना, शाळा देणे खरोखरच महाग पडते.

परंतु खर्च-लाभाच्या या गणितात एक गृहीतक लपलेले असते. लाभ ज्यांना होतो ते खर्च ज्यांना सोसावा लागतो त्यांची भरपाई करू शकतात, एवढ्यावरच आमचे शास्त्र समाधान मानते. ती भरपाई प्रत्यक्षात झाली की नाही हे ते विचारीत नाही. दूरच्या बेटावरील कोळ्याचे मासेमारीचे पाणी, त्याच्या नारळी, त्याच्या आप्तांच्या कबरी आणि शेजाऱ्यांशी असलेले देणेघेणे ही त्याची मालमत्ताच आहे. देशाच्या सुरक्षिततेसाठी त्याने ती सोडायची असेल तर सोडण्यापूर्वी त्याला विचारले पाहिजे, सारे गाव एकत्र हलविले पाहिजे आणि नवे घर उभे राहिल्यानंतर जुने सोडण्यास सांगितले पाहिजे. कंदोळुदूच्या लोकांना आधी लाट मिळाली आणि घर चार वर्षांनी. हा क्रम उलटा करणे म्हणजेच जुळवून घेणे. हलविणे हा एकच मार्ग आहे असेही नाही. था द्वीपसमूहातील विलुफुशी हे त्सुनामीत उद्ध्वस्त झालेले बेट भराव घालून वाढविण्यात व उंच करण्यात आले आणि २००९ मध्ये तेथील लोक आपल्या मूळ ठिकाणी परतले.

बुडणे अटळ नाही

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रवाळबेटे ही दगडी चौथऱ्यासारखी स्थिर नसतात. प्रवाळाचा चुरा आणि वाळू लाटा आणून टाकतात, मोसमी वारे ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेतात. बेट झिजते तसे वाढतेही. प्रशांत महासागरातील तुवालू या देशाच्या बेटांचा हवाई छायाचित्रांवरून अभ्यास करणाऱ्या संशोधकांना १९७१ ते २०१४ या काळात, पातळी वाढत असतानाही, एकूण भूमी २.९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा काहींनी, मग काळजीचे कारणच काय, असा सूर लावला.

तो निष्कर्ष चुकीचा आहे. क्षेत्रफळ वाढले म्हणून विहिरीचे पाणी गोडे राहते असे नाही, आणि वाळू ज्या बाजूला साठली त्याच बाजूला गाव असते असेही नाही. पण या संशोधनाने एक मोलाची गोष्ट शिकविली. बेट जगते ते जिवंत प्रवाळ आणि मोकळी वाळू यांच्या बळावर. भोवतीचा प्रवाळ जपला आणि वाळूला वाहू दिले तर बेट काही प्रमाणात स्वतःच जुळवून घेते. बंदरांसाठी, हॉटेलांसाठी, विमानतळांसाठी भराव आणि काँक्रीट घालून ते जखडून टाकले तर त्याची ही शक्ती नष्ट होते. मालदीवमधील भरावांचा सोस या दृष्टीने चिंताजनक आहे. जगाकडे न्याय मागणाऱ्या राष्ट्राने आपल्या प्रवाळाशीही न्यायाने वागले पाहिजे, असे म्हणण्यात त्या राष्ट्राविषयी अनादर नाही. तेथील अनेक नागरिकांचीही हीच तक्रार आहे.

राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी २००८ मध्ये, गरज पडल्यास भारतात किंवा श्रीलंकेत जमीन विकत घेऊन देश हलविण्याची कल्पना मांडली होती आणि १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. त्या छायाचित्राने जगाचे लक्ष वेधले. परंतु लक्ष वेधले गेले म्हणून पैसा येतोच असे नाही, हे पुढील वर्षांनी दाखविले.

खर्च कोणी करावा

मालदीवचे कर्बवायूंचे उत्सर्जन जगाच्या तुलनेत नगण्य आहे. जे नुकसान त्याने केले नाही त्यापासून बचाव करण्यासाठी मात्र त्याला कर्ज काढावे लागते. त्याचे सार्वजनिक कर्ज आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांहून अधिक आहे. त्यातील सारेच समुद्रापासून बचावासाठी काढलेले नाही. महत्त्वाकांक्षी पूल आणि विमानतळ यांचाही त्यात वाटा आहे, आणि ती जबाबदारी तेथील राज्यकर्त्यांचीच. २०२४ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली की, ऑक्टोबरमध्ये भारताने ४० कोटी डॉलर आणि ३००० कोटी रुपये यांची चलन-अदलाबदलीची सोय देऊ केली. कर्जाच्या काठावर उभ्या असलेल्या देशावर उद्या दुसरी लाट आली, तर तो हप्ता भरील की विहिरी स्वच्छ करील?

जगाने काही पावले टाकली आहेत. २०२२ मध्ये शर्म-अल-शेख येथे हानी आणि नुकसानीसाठी निधी स्थापण्याचे ठरले. पुढील वर्षी दुबईत त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरांची आश्वासने मिळाली. एकट्या त्सुनामीत एकट्या मालदीवचे नुकसान ४७ कोटी डॉलरांच्या घरात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे तोकडेपण कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ‘बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक’ पुढे आणला. देशाचे उत्पन्न किती एवढेच न पाहता, आघात सोसण्याची त्याची शक्ती किती हे त्यात मोजले जाते. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वातावरणाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे सल्लात्मक मत दिले. त्या प्रकरणाचा पाठपुरावा वानुआतू या छोट्या द्वीपराष्ट्राने केला होता.

यापुढे करावयाच्या गोष्टी अवघड असल्या तरी अस्पष्ट नाहीत. असुरक्षिततेचा हा निर्देशांक आज ऐच्छिक आहे. स्वस्त कर्ज आणि अनुदान कोणाला द्यायचे हे ठरविताना वित्तसंस्थांनी तो बंधनकारक मानावा. जागतिक बँकेने छोट्या द्वीपराष्ट्रांना उत्पन्नाच्या अटीतून अपवाद म्हणून सवलतीचे साहाय्य देऊ केलेलेच आहे. अपवादाचा नियम व्हावा एवढीच मागणी आहे. किनाऱ्याचे रक्षण, पाणी आणि पुनर्वसन यांसाठीचा पैसा कर्जरूपाने न देता अनुदानरूपाने द्यावा. जी कर्जे दिली जातात त्यांत, आपत्ती आल्यास हप्ते काही काळ आपोआप थांबतील, असे कलम असावे. बार्बाडोसने २०१८-१९ मध्ये आपल्या कर्जांची फेररचना करताना असे कलम घालून घेतले. आणि राष्ट्रांमध्ये जो न्याय मागितला जातो तोच राष्ट्राच्या आत, राजधानी आणि दूरचे बेट यांच्यात, पाळला जावा.

आपला संबंध

या साऱ्याशी आपला संबंध केवळ शेजारधर्माचा नाही. मालदीवच्या शाळांतून अनेक भारतीय शिक्षक आजही शिकवितात. आपल्या लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावर बोलली जाणारी भाषा ही मालदीवच्या दिवेही भाषेचीच बहीण आणि तेथील भूमीही तशीच प्रवाळाची. मालदीवमध्ये जे घडते आहे ते आपल्याच नागरिकांच्या दारातही घडणार आहे. भारताच्या कर्जसाहाय्यातून मालदीवच्या २८ बेटांवर पूर्ण झालेल्या पाणीपुरवठा आणि सांडपाणी योजना ऑगस्ट २०२४ मध्ये कार्यान्वित झाल्या. पूल आणि विमानतळ यांच्या मानाने या कामाची छायाचित्रे कमी झळकली. परंतु दूरच्या बेटाला नळ मिळणे हेच बहुधा जुळवून घेण्याचे सर्वांत खरे काम असते. ज्याच्या घरी पाणी येते तो बेट सोडून जाण्याची घाई करीत नाही.

एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. हवामानविषयक वाटाघाटींत आपण सरासरीचाच आधार घेतो. भारताचे एकूण उत्सर्जन जगात तिसऱ्या क्रमांकाचे, पण दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीहून कमी, असे आपण सांगतो. आणि ते रास्त आहे, कारण चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला मोटारी उडविणाऱ्यांच्या पंक्तीस बसविता येत नाही. पण समुद्राला दरडोई हिशेब कळत नाही, त्याला फक्त बेरीज कळते. आपली सरासरी आपल्या गरिबांचे रक्षण करते, हे मान्य करूनही, आपल्या बेरजेचा भार कोणाच्या अंगणात उतरतो आहे हे आपण पाहिले पाहिजे. जी सवलत आपण सरासरीच्या आधारे मागतो, ती सरासरीमुळे ज्यांना नाकारली जाते त्यांच्या बाजूने उभे राहणे ही त्या सवलतीची किंमत आहे.

२०१४ मध्ये मुंबईहून निघालेल्या नौकेने पाणी देताना मालदीवचे दरडोई उत्पन्न विचारले नव्हते. तहान किती आणि हाताशी दुसरे पाणी आहे काय, एवढेच पाहिले होते. जगाच्या वित्तसंस्थांनी हेच दोन प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तर हिशेबनिसाला नदीकाठी बसून आकडे तपासत राहण्याची वेळ येणार नाही.